हुजूरपागा : अकरा ते पाच

पुण्याच्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेत शिकलेल्यांनी, किंवा जिची आई, आजी, लेक तिथे शिकली अशा सगळ्यांनी आपापला अनुभव लिहा. मोठ्या समारंभांपेक्षा रोजचं काही आठवत असेल तर आधी ते. सुरुवात मी करते.

माझी आजी 'शाळेत होते' म्हणायची नाही, 'पागेत होते' म्हणायची. मला लहानपणी वाटे, तिथे घोडे असणार. पेशवाईत होतेच. हुजुरातीच्या, म्हणजे खुद्द पेशव्यांच्या फौजेच्या, घोड्यांची पागा जिथे होती त्या जागेचं नाव या शाळेला चिकटलं. मुलींचं हे हायस्कूल निघालं १८८४ साली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक ही त्यामागची माणसं, पण आजीच्या गोष्टीत पहिलं नाव यायचं रमाबाई रानड्यांचं. मुलींसाठी हायस्कूल हवं, हे त्यांनी गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांपुढे भरसभेत इंग्रजीतून वाचून दाखवलं. घरी आल्यावर थोरल्या बायकांनी त्यांना नको नको ते ऐकवलं. शाळा सुरू झाल्यावर टिळकांच्या पत्रांतून टीका झाली. अकरा ते पाच मुली शाळेत बसल्या तर घरकाम कधी शिकणार, हा त्यातला एक आक्षेप. इथवर आलं की आजीचा भाजी निवडणारा हात थांबायचा. 'अकरा ते पाच' म्हणजे तिच्या लेखी भांडून मिळवलेले सहा तास होते.

*

मी बोर्डिंगची, १९५८ पासून. वडील ट्रंक ठेवून गेले, तेव्हा फाटकाशी रडले नाही, रात्री रडले. शेजारच्या खाटेवरच्या ताईने न बोलता माझी वेणी घालून दिली. पुढे कळलं, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे सातव्या वर्षी थेट ब्रह्मदेशातून इथल्या वसतिगृहात आल्या होत्या. मी तर साताऱ्याहून आलेली! नवीन मुलीची पहिली वेणी थोरलीने घालायची, हे आमच्या खोलीत मी असेपर्यंत चाललं. नियम कुणी केला नव्हता.

*

मला आठवतो भोंडला. पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि खिरापत ओळखायची चढाओढ. डबा हलवून आवाजावरून ओळखणारी एक मैत्रीण होती आमच्यात. तिला फसवायला आम्ही डब्यात कापडाचा बोळा घालायचो. शांता शेळके याच शाळेच्या, हे बाईंनी त्यांची कविता शिकवताना सांगितलं आणि सगळा वर्ग ताठ बसला. कवयित्री होणारी मुलगी अशाच बाकावर बसत असेल, हे तोवर मनात आलंच नव्हतं.

*

मी भाऊ, तरी लिहितो. धाकट्या बहिणीला न्यायला लक्ष्मी रोडवर थांबायचो. शाळा सुटली की रस्त्यावर वेण्याच वेण्या. दुकानदार सायकली आत ओढून घ्यायचे. बहीण घरी येईपर्यंत गणिताबद्दल बोलत राहायची आणि मी दप्तर धरायचो. ती पुढे इंजिनिअर झाली.

*

पहिलं लिहिणारीच पुन्हा. वेणीचं वाचून आजीची एक वही काढली. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात वेळापत्रक आहे, सोमवार ते शनिवार. पाचच्या पुढे तिने पेन्सिलीने लिहिलंय : 'घरी. पाणी भरणे. मग पुन्हा भूमिती.'