उष्णतेने सूत्रकृमी वांझ होतात, मग आमच्या जमिनीत टिकतात कसे?

तापीकाठ: रावेरजवळ आमची केळी आहे. परवा एक कंद उकरला, तर मुळांवर मुगाएवढ्या गाठी होत्या. एक नखाने फोडली तेव्हा आत टाचणीच्या टोकाएवढी, मोत्यासारखी पांढरी मादी दिसली. प्राणिशास्त्र शिकणारी माझी पुतणी म्हणते की उष्णतेत हे कृमी मरण्याआधीच वांझ होतात. तसे असेल, तर वैशाखात 45 अंश सोसणाऱ्या आमच्या रानात ते उरतात कसे?

सूक्ष्मदर्शी: पुतणीचे म्हणणे खरे आहे, पण ते मुख्यतः सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या जेमतेम 1 मिलिमीटर लांबीच्या, मातीत मोकळ्या राहणाऱ्या कृमीविषयी आहे. 20 अंशांना त्याच्या एका उभयलिंगी कृमीला स्वतःच्याच शुक्राणूंवर सुमारे 300 पिल्ले होतात. 25 अंशांना ती घटतात आणि 27 च्या आसपास जवळजवळ थांबतात, कृमी मात्र हिंडत-खात राहतो. दोष बराचसा शुक्राणूंत असतो, कारण थंडाव्यात वाढलेल्या नराशी संयोग घडवला की काही पिल्ले पुन्हा मिळतात. त्याच वेळी एचएसएफ-1 हे प्रथिन उष्माघात-प्रथिनांची जनुके जोमाने चालू करते आणि ही प्रथिने इतर प्रथिनांची बिघडलेली घडी सावरतात. म्हणून उष्णतेचा ताण म्हणजे नुसती हानी, असे म्हणणे मला अपुरे वाटते.

काळीमाती: तापीकाठ दादा, आपल्या गाठींतला कृमी मेलॉइडोगायनी वंशाचा आहे. त्यातल्या इन्कॉग्निटा या जातीची मादी नराशिवायच अंडी घालते, त्यामुळे शुक्राणूंचा तो दुबळेपणा तिला आडवा येत नाही. उलट मुळांत गर्दी झाली, अन्न कमी पडले, की तिच्या पिल्लांत नरांचे प्रमाण वाढते. शिवाय 45 अंश हे हवेचे तापमान आहे. बागेच्या सावलीत, ठिबकच्या ओलीत, वीतभर खाली माती बरीच थंड असते, आणि शेकडो अंडी ज्या चिकट पुंजक्यात असतात तो त्यांना सुकू देत नाही. उन्हाळी नांगरट उपयोगी पडते ती रिकाम्या रानात, मुळ्या उलथून उन्हात पडल्या तरच.

तापीकाठ: या ताणाचा परिणाम पुढच्या पिढीत उतरतो का?

सूक्ष्मदर्शी: एलेगन्समध्ये उतरतो. उपासमारीने बदललेले छोटे आरएनए, म्हणजे जनुकांचे काम आवरणारे रेणू, तिसऱ्या पिढीपर्यंत आढळल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. 2017 मध्ये 25 अंशांचा परिणाम 14 पिढ्या टिकल्याचे दिसले, पण तो बाहेरून बसवलेल्या जनुकाच्या अभिव्यक्तीवर, म्हणजे ते जनुक किती जोमाने चालते यावर होता. केळीच्या कृमीला तो आकडा लावू नये.