५-एस तीन महिन्यांत विरतं, लीन टिकवायचं कसं?

भोसरी_प्रेसशॉप: पत्र्याचे भाग दाबून काढणारं २२ माणसांचं प्रेस शॉप आहे. ऑडिटआधी ५-एस केलं (जागा आवरून प्रत्येक वस्तूची जागा ठरवायची जपानी पद्धत), जमिनीवर पिवळे पट्टे मारले. तीन महिन्यांत पट्ट्यांवर पुन्हा मालाच्या पेट्या, बिन्स! प्रेसमधली डाय, म्हणजे साचा, बदलायला पावणेदोन तास लागतात. लीन, म्हणजे वाया जाणारं कमी करणं, ५० हजारांत टिकेल असं काय करावं?

चाकणवाला: ५० हजारांत काही होत नाही. आम्ही कन्सल्टंटला तीन लाख मोजले. तो होता तोवर रिजेक्शन खाली, गेला की परत वर. तरी घ्याच, डोळे उघडतात.

क्यूए_ताई: घ्यायचाच तर केंद्राची लघुउद्योगांसाठीची एमएसएमई लीन योजना बघा. २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली, सल्ल्याच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकारचा. उद्यम नोंदणी हवी.

शिरोली_फाउंड्री: पट्टे मारले म्हणजे लीन नव्हे. मुदा शोधा, मुदा! म्हणजे वाया जाणारा वेळ, श्रम, माल.

चाकणवाला: पट्ट्यांशिवाय शिस्त येत नाही. आमच्याकडे दरवर्षी मारतो.

जुना_फिटर: पट्टे सोडा, डायचं बघा. आमचा सेटर १७ चा पाना शोधायला तीनदा टूलरूमला जायचा, प्रेस थांबलेला. डाय झटपट बदलायची जपानी अभियंते शिगेओ शिंगोंची पद्धत धरली: प्रेस चालू असतानाच पुढची डाय, क्लॅम्प, बोल्ट ट्रॉलीवर तयार. सगळ्या डाय एकाच उंचीच्या केल्या. दीड तासाचे ३५ मिनिटं झाले. डाय बदलायला वेळ लागतो म्हणूनच आपण मोठा लॉट काढतो ना? लॉट लहान झाला की पट्ट्यावर ठेवायला बिनच उरत नाही.

शिरोली_फाउंड्री: हेच म्हणत होतो. थांबणं हाही मुदाच.

नाशिक_मीरा: टिकणं माणसांवर आहे. अमेरिकेतल्या फ्रेमाँटचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला मोटारींचा कारखाना १९८४ मध्ये टोयोटासोबत पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, पण दोष दिसला की दोरी ओढून मदत मागायची, वेळ पडल्यास लाइन थांबवायची मुभा मिळाली. गुणवत्ता खूपच सुधारली. तुमच्याकडे प्रेस थांबवणाऱ्याला काय ऐकावं लागतं?

चाकणवाला: अमेरिकेतलं इथे चालत नाही.

भोसरी_प्रेसशॉप: मीराताई, खरं सांगतो, ओरडा बसतो, आणि तो मीच घालतो. आज सगळ्यांना विचारलं. पॅकिंगच्या मावशी म्हणाल्या, "साहेब, लेबल नसलेल्या पेट्या उघडून बघण्यात आमची सकाळ जाते." दोन वर्षांत हे कधी कानावर आलं नव्हतं. त्यामुळे कन्सल्टंट नको, प्रेसही आत्ता नको. सोमवारपासून पॅकिंग, मावशी सांगतील तसं. ट्रॉली दिवाळीनंतर.

जुना_फिटर: चूक करताय. प्रेस आधी.