तलावाच्या गाळातलं शिसं: २०६/२०७ वरून स्रोत काढताना आकडे जुळत नाहीत

गाळकरी (प्रश्न)

तलावातल्या गाळाचा ६२ सेंमीचा गाभा (नळी घुसवून काढलेला उभा नमुना) एकेक सेंमीचे काप करून तपासतोय. प्रत्येक कापातला ०.१ ग्रॅम वाळवलेला गाळ हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लात विरघळवला आणि क्वाड्रुपोल आयसीपी-एमएसवर (आयन वस्तुमानानुसार एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर) शिशाचे २०४, २०६, २०७ आणि २०८ हे समस्थानिक मोजले. तळाशी शिसं २० मिग्रॅ/किग्रॅ आणि २०६/२०७ गुणोत्तर १.२०५, वरच्या ५ सेंमीत ६० आणि १.१६५. इथवर ठीक.

पुढे तीन ठिकाणी अडलंय. एक, २०६/२०४ चे बिंदू आलेखावर नुसते विखुरलेत. दोन, पूर्वी पेट्रोलमध्ये मिसळत त्या शिशाला १.१० धरून मिश्रणाचं गणित केलं तर वरच्या थरात बाहेरचं (प्रदूषणातून आलेलं) शिसं ३८ टक्के निघतं, पण प्रमाण पाहिलं तर ६० पैकी ४० म्हणजे ६७ टक्के जास्तीचं आहे. तीन, ३०-३५ सेंमीला, जिथे शिसं जेमतेम २४ आहे, तिथे बाहेरच्या शिशाचं गुणोत्तर कापागणिक उड्या मारतं. खरं कुठलं धरायचं?

शिसपेन्सिल

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: क्वाड्रुपोलवर २०४ चा नाद सोडा. नैसर्गिक शिशात २०४ फक्त १.४ टक्के असतं आणि त्याच वस्तुमानावर पारा-२०४ येऊन बसतो. पारा गाळात असतो, आम्लात असतो आणि आर्गॉनमधूनही येतो. २०२ वर पारा मोजून त्याच्या ०.२३ पट वजा करता येतं, पण ही वजाबाकी २०४ च्या सिग्नलच्या काही टक्क्यांवर गेली की उरलेल्या आकड्यात अर्थ राहत नाही. २०६/२०७ आणि २०८/२०६ एवढ्यावर काम करा. तुमचा सगळा फरक ०.०४ म्हणजे तीनेक टक्क्यांचा आहे. क्वाड्रुपोल नीट चालवलं तर ०.२ टक्क्यांपर्यंत पोचतं, तेवढं इथे पुरतं.

नीट चालवणं म्हणजे मुख्यतः डेड टाइम, म्हणजे एक आयन मोजल्यावर शोधक क्षणभर आंधळा राहतो तो काळ, बरोबर धरणं. एसआरएम ९८१ (अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचं, गुणोत्तरं प्रमाणित केलेलं शिसं) ५, १० आणि २० पीपीबीला (अब्जांश भागांना) मोजा. २०७/२०६ तिन्हीकडे सारखंच यायला हवं. प्रमाणित आकडा ०.९१४६४ आहे. वस्तुमानाच्या भेदभावामुळे (यंत्र जड समस्थानिक हलक्यापेक्षा थोडे जास्त मोजतं) थोडा सरकलेला दिसेल, ते चालतं. पण प्रमाणाबरोबर सरकत असेल तर डेड टाइम चुकलाय. मग सगळे नमुने एकाच प्रमाणाला आणून दर तीन-चार नमुन्यांनंतर ९८१ लावा.

२०४ हवंच असेल तर मल्टिकलेक्टर (सगळे समस्थानिक एकाच वेळी मोजणारं यंत्र), भेदभाव दुरुस्त करायला थॅलियम घालून, आणि त्याआधी शिसं वेगळं करायला आयन-विनिमय रेझिनचा कॉलम. शिसं १ मोलर हायड्रोब्रोमिकमध्ये चढवतात, ६ मोलर हायड्रोक्लोरिकने उतरवतात. चढवण्यापूर्वी द्रावण पिवळं-तपकिरी दिसलं तर नायट्रिक शिल्लक आहे आणि ब्रोमीन सुटतंय. ते रेझिन खराब करतं. हायड्रोब्रोमिक घालून पुन्हा कोरडं करा, गरज पडली तर दोनदा.

तळचा थर

दुसऱ्या प्रश्नात यंत्राचा दोष नाही, १.१० मनाने धरलंत तिथे घोटाळा झाला. बाहेरच्या शिशाचं गुणोत्तर गृहीत धरू नका, काढा:

(६० × १.१६५ − २० × १.२०५) ÷ ४० = (६९.९ − २४.१) ÷ ४० = १.१४५

आता १.१४५ घालून बघा, ६७ टक्केच येतील. (काटेकोरपणे वजन २०७ च्या प्रमाणावर द्यायला हवं, पण या टप्प्यात फरक नगण्य.) एकच खबरदारी: ते २० सरसकट सगळ्या कापांना लावू नका. तळातलं शिसं/ॲल्युमिनियम काढा आणि प्रत्येक कापातल्या ॲल्युमिनियमने गुणा, म्हणजे माती-वाळूचा फरक निघून जातो. हायड्रोफ्लोरिकमध्ये ॲल्युमिनियम फ्लोराइड होऊन तळाशी बसतं, तेव्हा तो आकडा एक्सआरएफचा (न विरघळवता क्ष-किरणांनी मोजलेला) घ्या किंवा टायटॅनियमवर जा.

तिसरा प्रश्न याच सूत्रातून सुटतो. समजा त्या कापात १.१९८ आलं: (२४ × १.१९८ − २० × १.२०५) ÷ ४ = १.१६३. तळाचं २० ऐवजी १९ धरा, १.१७१ होतं, २१ धरा, १.१४९. खाली भाग द्यायला फक्त ४ उरल्यावर दुसरं काय होणार? शिसं तळाच्या दीडपट होत नाही तोवर हा आकडा मी छापणार नाही.

काप-वही

वरच्यांनी न विचारलेलं: गाभा कोणत्या नळीत काढला? पीव्हीसीत शिशाचे स्थिरक असू शकतात. शिवाय नळी आत जाताना वरचा गाळ कडेने खाली ओढते, म्हणून प्रत्येक कापाची कड २-३ मिमी छाटून फक्त मधला भाग घ्यायचा. ब्लँकची (आम्लांतून-भांड्यांतून नमुन्यात येणाऱ्या शिशाची) मात्र फार काळजी नको. ०.१ ग्रॅम गाळात २० मिग्रॅ/किग्रॅने २००० नॅनोग्रॅम शिसं आहे, १ नॅनोग्रॅमच्या ब्लँकने काही बिघडत नाही. पावसाचं पाणी किंवा बर्फ असतं तर गोष्ट वेगळी.

आणि १.१४५ दिसलं म्हणून लगेच "पेट्रोल" लिहू नका. पेट्रोलची एकच सही नसते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलचं शिसं १.०४ च्या आसपास, अमेरिकेतल्या मिझुरीचं १.३ च्या पुढे; कोणत्या वर्षी कुठलं खनिज मिसळलं त्यावर आकडा ठरतो. अनेक कोळशांचं गुणोत्तर तर नैसर्गिक गाळाला इतकं लागून असतं की ते वेगळे दिसतच नाहीत. म्हणून कालमापन लागेल. शिसं-२१० चा अर्धायुकाल २२.३ वर्षं, म्हणजे फार तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाता येतं. अणुचाचण्यांमुळे आलेलं सिझियम-१३७ चं १९६३ चं शिखर पडताळ्याला घ्या. नमुना तीन आठवडे हवाबंद ठेवूनच रेडियम-२२६ मोजा, नाहीतर रेडॉन निसटतो आणि आधारित शिसं-२१० (गाळातल्याच रेडियमपासून बनणारं, कालमापनात वजा करायचं) कमी दिसतं.

गाळकरी

नळी पॉलिकार्बोनेटची होती, पण कडा छाटल्या नव्हत्या. पूर्ण विरघळवण्याऐवजी फक्त सौम्य आम्लाने धुऊन काढलेलं शिसं मोजलं तर पार्श्वभूमी वजा करायची कटकट वाचेल का?

तळचा थर

कमी होईल, संपणार नाही. १ मोलर हायड्रोक्लोरिक लोहाच्या ऑक्साइडांतलं आणि चुनखडीतलं नैसर्गिक शिसंही ओढून काढतं. पूर्ण विरघळवण्यात उलट अडचण: झिरकॉन (युरेनियम असलेलं, म्हणून २०६ जास्त असलेलं खनिज) हायड्रोफ्लोरिकलाही सहजी दाद देत नाही, आणि त्याचे कण एका कापात थोडे विरघळले, दुसऱ्यात नाही, तर २०६ कापागणिक वरखाली होतं. पाच-सहा काप निवडा, तळाचे दोन धरून. धुऊन निघालेलं आणि उरलेलं, दोन्ही वेगवेगळं मोजा. उरलेल्याचं गुणोत्तर वरपासून खालपर्यंत सारखं राहिलं तर धुण्याची पद्धत सगळ्या गाभ्याला लावा. वरच्या कापांत ते १.२०५ वरून खाली यायला लागलं तर आम्ल कमी पडतंय किंवा बाहेरचं शिसं अशा कणांत बसलंय जे १ मोलरला सुटत नाहीत.