फॅनी ड्युरॅकला अडवणाऱ्यांना किती समजून घ्यायचे?

निळीलाट: काल येथे कोणीतरी लिहिले की, ऑस्ट्रेलियाची जलतरणपटू फॅनी ड्युरॅक हिला १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला पाठवण्यास विरोध करणाऱ्या रोझ स्कॉट त्यांच्या काळाच्या मानाने बरोबरच होत्या. मला हे मुळीच मान्य नाही. पुरुष पाहत असतील तेथे स्त्रियांनी शर्यतीत उतरू नये, हा ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या महिला जलतरण संघटनेचा नियम होता आणि स्कॉट तिच्या अध्यक्षा होत्या. शिवाय निवडकर्त्यांनी खर्चाचे कारण पुढे केले. नियम उठला, वर्गणी जमली, तेव्हा कुठे ती निघाली. आणि १०० मीटर मुक्तशैलीच्या प्राथमिक फेरीत १ मिनिट १९.८ सेकंदांचा विश्वविक्रम करून तिने पुढे सुवर्णपदकही जिंकले. तिची ऑस्ट्रेलियन सहकारी मिना वायली दुसरी आली.

ओहोटी: ज्या बाईंनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढा दिला, त्यांना प्रतिगामी ठरवण्याची एवढी घाई कशासाठी? बघ्यांच्या नजरेची त्यांची भीती खोटी नव्हती. माझी मुलगी महिलांच्या राखीव तासामुळेच पोहायला शिकली. तो तास बंद झाल्यावर तिच्या बरोबरीच्या मुलींनी तलावाकडे पाठ फिरवली.

निळीलाट: राखीव तास ही सोय आहे, तो नियम बंदी होती, कृपया दोहोंची गल्लत करू नका. माझ्या आईला वयात येताच विहिरीवर जायला मनाई झाली, तीही काळजीपोटीच. ती पुन्हा कधीही पोहली नाही.

खोलपाणी: राखीव तासाच्या वादात फॅनी बाजूलाच पडली. १९१६ चे ऑलिंपिक युद्धामुळे झाले नाही, अमेरिकेच्या दौऱ्यात तिचा हौशी (पैशासाठी न खेळणाऱ्या) खेळाडूचा दर्जाच काढून घेण्याची धमकी मिळाली, आणि १९२० मध्ये ऑलिंपिक संघ निघण्याच्या सुमारास आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया व पाठोपाठ विषमज्वर यांनी तिला गाठले. अमेरिकेने तर १९१२ मध्ये एकही स्त्री जलतरणपटू पाठवली नव्हती. सारा राग एकट्या स्कॉट यांच्यावर काढणे अन्यायाचे आहे.

निळीलाट: नियम उठताच त्यांनी अध्यक्षपद सोडले, हे विसरू नका.

ओहोटी: फॅनी गेली हे योग्यच झाले, एवढे मी मान्य करते. मात्र राखीव तासाला सोय म्हणालात, तर तो बंद पाडणाऱ्यांनाही याच तळमळीने जाब विचारा.