मदत हवी आहे: भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय, नाशिकमध्ये आता पुढची सोबत कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

विषय धाकट्या भावाचा आहे. अंबड एमआयडीसीत एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहे, शिफ्ट ड्युटी. दारू आधी हळदी-वरातीपुरती, मग पगाराच्या दिवशी, मग सेकंड शिफ्ट सुटली की रोजची क्वार्टर, आणि शेवटी शेवटी सकाळी हात थरथरतात म्हणून कामावर जायच्या आधीच नाइन्टी. मध्येच कुठल्यातरी मित्राने झोप येत नाही म्हणून गोळ्यांची सवय लावली, मालेगावकडे कुत्ता गोळी म्हणतात ना, त्यातल्याच. त्याची बायको मुलीला घेऊन सिन्नरला माहेरी गेली ती अजून आलेली नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

मग मामांनी कुणाच्या तरी ओळखीने एका केंद्राचा नंबर काढला. रात्री गाडी आली, दणकट पोरं उतरली आणि त्याला बनियनवरच उचलून नेलं. फोन नाही, भेट नाही, डॉक्टर कोण बघतात विचारलं तर म्हणे इथे शिस्त हेच औषध. केंद्राचं नाव लिहीत नाही, त्याबद्दलचा धागा नाहीये हा. तो परत आला तेव्हा दारू सुटली होती हे खरं, पण रात्री बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की उठून बसतो आणि मामा आले की आतल्या खोलीत जातो.

तर आता प्रश्न असा आहे की तो सध्या पीत नाहीये, कामाला जातोय, पण त्याला एकही मित्र असा नाही की जो बसत नाही. सगळी दोस्ती बसण्याचीच होती. फर्स्ट शिफ्ट सुटली की अंधार पडेपर्यंतचा वेळ त्याला खायला उठतो, घरी येऊन मोबाईल घेऊन पडतो, आई दर दहा मिनिटांनी चहाच्या निमित्ताने डोकावते आणि तोंडाचा वास घेते, ते त्याला कळतं, मग भांडण. मी महात्मानगरला राहते, रोज जाऊ शकत नाही, आणि गेले तरी मी काय बोलणार, मी कधी प्यायलेच नाही. तो एकदा चिडून म्हणाला, ताई तुला नाही कळणार, आणि बरोबरच आहे त्याचं.

मामांचं म्हणणं माळ घाल, त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला चल, आपोआप सुटेल. आमच्या गावाकडे माळ घालून खरंच सुटलेले लोक मी पाहिलेत, त्यामुळे हसण्यावारी नेत नाही, पण तिथे रोज संध्याकाळी हरिपाठ असतो, दिसला नाही तर कुणीतरी घरी विचारायला येतं. सिडकोत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला कोण विचारायला येणार? शेजारच्यांना तर तो केंद्रात होता हेही सांगितलेलं नाही, गुजरातला ट्रेनिंगला गेला असं सांगितलंय.

कुणीतरी एए सुचवलं, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. तिथे नक्की काय करतात, फी किती, धार्मिक असतं का, की परत डांबून ठेवतात, काहीच माहीत नाही. भाऊ म्हणतो तिथे कंपनीतलं कुणी निघालं तर माझी नोकरी गेली. नाशिक केवढं आहे तुम्हाला माहीतच आहे, सीबीएसवर शिंकलं की नाशिकरोडला कळतं. अनुभव असलेल्यांनी प्लीज लिहा. 'मनावर घेतलं की सुटते' असं सांगणारे घरातच भरपूर आहेत, ते सोडून.

---

प्रतिसाद: गोदाकाठ

ताई, मी स्वतः एएवाला, नाशिकचाच, त्यामुळे सांगू शकतो. फी शून्य. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा हवी, बास. डांबण्याचा प्रश्नच नाही, दार उघडं असतं, मध्येच उठून गेलात तरी कोणी अडवत नाही. आमचा ग्रुप एका शाळेच्या वर्गात भरतो, लहान पोरांचे बाक, गुडघे वर आपटतात, फळ्यावर कुणीतरी लिहिलेला सुविचार तसाच असतो. सुरुवातीला थोडं वाचन, मग एकेक जण उठून नाव सांगतो, फक्त पहिलं नाव, आणि स्वतःचं बोलतो. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. शेवटी थैली फिरते, टाकायचे तर दहा-वीस टाका, बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाहीत. त्यातून चहा आणि खोलीचं भाडं सुटतं.

ओळखीचा निघाला तर? माझा निघाला ना. पहिल्याच दिवशी समोरच्या बाकावर माझा जुना सुपरवायझर, ज्याने मला वास येतो म्हणून गेटवरून परत पाठवलं होतं. त्याने नुसती मान हलवली आणि सरकून जागा दिली. अहो, जो तिथे दिसतो तोही त्याच कारणाने आलेला असतो, बाहेर सांगणार काय?

देवाचं म्हणाल तर एएच्या ज्या बारा पायऱ्या आहेत त्यांमध्ये परमेश्वर शब्द येतो, पण 'आपल्याला समजलेला'. आमच्यात एक पक्के नास्तिक आहेत, ते ग्रुपलाच देव मानतात. माळकरीपण आहेत. माळ आणि मीटिंग दोन्ही चालतं, मामांना सांगा.

आणि तो जे म्हणाला ना, ताई तुला नाही कळणार, अहो त्याच्यावरच तर सगळं उभं आहे. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले, दोघेही अट्टल पिणारे, आणि दुसऱ्या बेवड्याशी बोललं की आपली स्वतःची टळते हे त्यांच्या लक्षात आलं, तिथून हे सुरू झालं. भावाला आमच्यातलाच एक जुना माणूस स्पॉन्सर म्हणून मिळेल, तलफ आली की रात्री एक वाजता पण फोन करायचा. आईला वास घ्यायची गरज पडणार नाही. स्लिप झाला, म्हणजे परत प्यायला, तरी हाकलत नाहीत, परत येऊन बसायचं.

---

प्रतिसाद: स्पष्टवक्ता

शेवटी सगळं मनावर असतं. आमच्या काकांनी एका दिवसात सोडली, कुठे गेले नाहीत.

---

प्रतिसाद: वॉर्ड नंबर सात

@स्पष्टवक्ता, काकांचं नशीब. मी सायकियाट्रिक नर्स आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर ६ ते २४ तासांत कंप, घाम, उलट्या सुरू होतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत माणूस भ्रमात जाऊन नसलेले किडे झटकत बसू शकतो. यात माणसं दगावतात. त्यामुळे 'शिस्त हेच औषध' वाचून माझं डोकं फिरलं.

ताई, तुमच्यासाठी महत्त्वाचं. त्या गोळ्या बहुतेक अल्प्राझोलामच्या, म्हणजे झोप-घबराटीवरच्या औषधाच्या, असतात. त्या अजून अधूनमधून चालू असतील तर एकदम बंद करायला लावू नका, त्यानेही फिट येते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि दारूवर ती गोळी म्हणजे श्वास मंदावतो, झोपेतच जातो माणूस. हे त्याला न रागावता विचारा. त्र्यंबक रोडला सिव्हिलमध्ये मानसोपचार ओपीडी आहे, तिथे दाखवा. एए हा आधार आहे, डॉक्टरचा पर्याय नाही, ते स्वतःही तसं म्हणत नाहीत. दचकणं, झोप उडणं हेही डॉक्टरांना सांगा.

दुसरं, कुणी 'चहातून न कळता द्यायचं औषध' आणून दिलं तर फेकून द्या. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवायला देतात ते औषध) असेल आणि माणूस दारू प्यायला तर बीपी पार कोसळतं, जीव जाऊ शकतो. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं.

तिसरं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. अशा केंद्राला नोंदणी लागते, साखळीने बांधायला बंदी आहे, फोन आणि भेटीचा हक्क आहे, आणि इच्छेविरुद्ध ठेवायचं तर आधी दोन तज्ज्ञांनी तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. बनियनवर उचलून नेणं यात कुठेच बसत नाही. पुढे कधी गरज पडली तर आधी १४४४६ वर फोन करा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. मनाच्या त्रासासाठी १४४१६.

आणि एएने काही होतं का म्हणणाऱ्यांसाठी, २०२० चा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आहे, २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं. वर्षभर पूर्ण कोरडं राहण्यात, पेशंटला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार बाकीच्या प्रस्थापित थेरप्यांपेक्षा सरस निघाले. फुकटच्या गोष्टीला आपल्याकडे किंमत नसते एवढंच.

---

प्रतिसाद: सिन्नरफाटा

मी पिणाऱ्याची बायको. सगळे भावाबद्दलच बोलतायत, मी आई आणि भावजयीबद्दल बोलते. ॲल-ॲनॉन म्हणून घरच्यांचे वेगळे ग्रुप असतात, एएच्याच धर्तीवर, १९५१ पासूनचे. पुण्यात मुक्तांगणमध्येही बायकांसाठी सहचरी गट आहे. मी कित्येक वर्षं खिसे तपासले, बाटल्या मोजल्या, उधाऱ्या फेडल्या, साहेबांना फोन करून 'ताप आलाय' सांगितलं. ग्रुपमध्ये गेल्यावर कळलं की सगळ्याजणी हेच करत होत्या, एकीने तर बाटलीवर पेनाने खुणा केल्या होत्या, आम्ही पोट धरून हसलो त्या दिवशी. नवरा अजून कधीतरी घेतो, पण मी आता झोपते रात्री.

भावजयीला लगेच परत बोलावू नका. तिला तिच्या वेळेने येऊ द्या.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळ्यांचं विचारलं, रागावले नाही. शेवटची पट्टी पाकिटात होती, त्याने स्वतः काढून दिली, त्यातल्या बऱ्याच गोळ्या संपलेल्या होत्या, म्हणजे चालूच होत्या. पट्टी घेऊन त्याच्यासोबत सिव्हिलला जाऊन आले, डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवायचा चार्ट दिलाय. गर्दी खूप होती पण नीट बोलले.

सुपरवायझरचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. काही बोलला नाही, नंतर जेवताना विचारलं, कुठल्या शाळेत भरते. वीकली ऑफला जाऊन बघतो म्हणाला, पण मी सोबत यायचं नाही. आई विचारतेय तिचा ग्रुप मराठीत असतो ना.

@गोदाकाठ, एक अडचण राहिलीच. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो रात्री घरी पोचतो, तेव्हा संध्याकाळच्या मीटिंगला येणं शक्य नाही, आणि त्याच आठवड्यात जास्त भीती वाटते. मग काय करायचं?

---

गोदाकाठ

लॉकडाऊनपासून झूमवर पण मीटिंग चालू आहेत, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. आणि आमच्यातले दोघं अंबडलाच सेकंड शिफ्टला आहेत, सुटल्यावर गेटबाहेर चहा घेऊन एकत्रच निघतात. त्याची हरकत नसेल तर त्याचाच नंबर व्यनि करा, तुमचा नको. घरच्यांसाठी कुठे काय आहे ते सिन्नरफाटा ताई सांगतील.