शब्दचर्चा : डाव ‘अनिर्णित’ की ‘बरोबरीत’? संगणकांच्या बुद्धिबळातील एका निकालाची नावे

विचारणा

बुद्धिबळ खेळणाऱ्या दोन संगणक प्रणालींच्या सामन्याविषयी मराठीत टिपण लिहीत असताना मी एकाच शब्दापाशी वारंवार अडतो आहे. ‘टॉप चेस इंजिन चॅम्पियनशिप’ या स्पर्धेच्या १४ व्या हंगामाचा हा अंतिम सामना २०१९ च्या फेब्रुवारीत संपला. ‘स्टॉकफिश’ आणि ‘लीला चेस झीरो’ यांच्यात १०० डाव झाले. त्यांपैकी स्टॉकफिशने १० जिंकले, लीलाने ९ जिंकले आणि उरलेल्या ८१ डावांत दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळाला, त्यामुळे सामन्याचा निकाल ५०½–४९½ असा लागला. या ८१ डावांना मी पहिल्या मसुद्यात ‘अनिर्णित’ म्हटले होते. पुन्हा वाचताना तो शब्द खटकला, कारण त्यांतले कितीतरी डाव पटावर मोजकी मोहरी उरल्यावर थांबले आणि त्या स्थितीचा निकाल तर पक्का ठाऊक होता. जे पक्के ठाऊक आहे ते अनिर्णित कसे? दुसरीकडे ‘बरोबरी’ म्हणावे, तर एका बाजूकडे जास्त मोहरी असतानाही डाव बरोबरीत सुटतो, हे वाचकाला विचित्र वाटेल. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

आधी लेखनाविषयी एक गोष्ट सांगतो. संस्कृतात ‘निर्णीत’ हे रूप दीर्घ आहे, म्हणून तत्सम शब्दाच्या नियमाने ‘अनिर्णीत’ असे लिहिले पाहिजे. वृत्तपत्रांतून ऱ्हस्व रूप इतके रुळले आहे की दीर्घ रूपच चुकीचे वाटू लागते, तरी शब्दाची चर्चा करताना मी दीर्घच लिहीन.

आता अर्थाकडे वळतो. हा शब्द मराठी क्रीडावृत्तांत मुख्यतः कसोटी क्रिकेटमुळे स्थिरावला. पाच दिवस संपले, दोन्ही संघांचे डाव पुरे झाले नाहीत, कोण जिंकले असते ते कळायला वेळच उरला नाही, अशा सामन्याला ‘अनिर्णीत’ म्हणणे अगदी नेमके आहे. याउलट दोन्ही संघांच्या धावा समसमान होऊन खेळ संपला, तर आपण ‘सामना बरोबरीत सुटला’ असे म्हणतो. म्हणजे क्रिकेटने मराठीला दोन निकालांसाठी दोन निरनिराळे शब्द लावून दिले आहेत, आणि त्यांतला फरक सामान्य वाचकाच्याही कानाला कळतो. बुद्धिबळाच्या बातमीत मात्र हे दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात, आणि तुमची अडचण तिथेच आहे.

माझे मत स्पष्ट आहे. डाव अर्ध्या-अर्ध्या गुणावर संपला असेल, तर ‘बरोबरी’ हाच शब्द वापरावा. ‘अनिर्णीत’ हा शब्द ज्या स्थितीचा निकाल अजून कोणालाच ठाऊक नाही तिच्यासाठी राखून ठेवावा, कारण संगणकांच्या बुद्धिबळात त्या अर्थाचीही आपल्याला खरोखर गरज पडते.

ही गरज कशी पडते ते सांगतो. पटावर सहा किंवा त्याहून कमी मोहरी (राजे आणि प्यादी धरून) उरली, की त्या प्रत्येक स्थितीचा निकाल आधीच काढून साठवलेला आहे. अशा साठ्याला ‘टेबलबेस’ म्हणतात. मराठीत त्याला ‘निकालकोश’ म्हणावे असे मी सुचवतो, कारण त्यात शब्दाच्या जागी स्थिती आणि अर्थाच्या जागी निकाल असतो. रोनाल्ड डी मान यांचा २०१३ मधला ‘सिझिजी’ निकालकोश सहा मोहऱ्यांपर्यंत सुमारे १५० गिगाबाइटमध्ये मावतो, आणि २०१८ पर्यंत सात मोहऱ्यांचेही काम पुरे झाले. म्हणजे सात मोहऱ्यांपर्यंत पटावर ‘अनिर्णीत’ असे काहीच उरलेले नाही. पांढऱ्याचा विजय, काळ्याचा विजय किंवा बरोबरी, यांपैकी एक उत्तर ठरलेले आहे. बत्तीस मोहऱ्यांनिशी मांडलेली आरंभीची स्थिती मात्र आजही खऱ्या अर्थाने अनिर्णीत आहे. ती बरोबरीचीच असावी असा बहुतेक जाणकारांचा तर्क असला, तरी तसे सिद्ध झालेले नाही. ज्या डावात निकाल कोशातून वाचता येतो त्याला अनिर्णीत म्हणणे, आणि जिथे खरोखरच निर्णय झालेला नाही तिथे दुसरा शब्द शोधत बसणे, यात भाषेचे नुकसान आहे.

प्रतिप्रश्न

निकाल ठरलेला आहे हे मान्य, पण ‘बरोबरी’ या शब्दात तुल्यबळतेचा अर्थ आहेच. ‘त्याची बरोबरी कोण करणार?’ असे आपण म्हणतो तेव्हा बळच मोजत असतो. एकाकडे उंट आणि प्यादे, दुसऱ्याकडे एकटा राजा, अशा स्थितीला बरोबरी म्हणणे शब्दाच्या पोटात बसते का?

उत्तर

हा आक्षेप महत्त्वाचा आहे, म्हणून स्थितीच समोर मांडून पाहू. पांढरा राजा बी६ या घरात आहे (अक्षर उभ्या ओळीचे, आकडा आडव्या ओळीचा), पांढरे प्यादे ए६ वर आहे, आणि काळ्या घरांवर फिरणारा पांढरा उंट ई५ वर आहे. काळा राजा एकटा, ए८ या कोपऱ्यात उभा आहे आणि खेळी काळ्याची आहे. ए७ आणि बी७ या घरांवर पांढऱ्या राजाचा मारा आहे, बी८ वर उंटाचा. राजाला जायला घर नाही, पण त्याला शहही नाही. शह नाही आणि चालही नाही, म्हणून नियमाने डाव बरोबरीत सुटला. पांढऱ्याने ही कोंडी टाळण्यासाठी उंट बाजूला घेतला, तर काळा राजा ए८ आणि बी८ या दोन घरांत ये-जा करत राहतो आणि प्याद्याचा वजीर कधीच होत नाही. कारण एवढेच की ए८ हे पांढरे घर आहे, आणि काळ्या घरांवर फिरणाऱ्या उंटाला त्या घरावरून राजाला हुसकावता येत नाही. तोच उंट पांढऱ्या घरांवरचा असता, तर डाव सहज जिंकला असता.

नुसती मोहरी मोजणारी जुनी प्रणाली इथे उंटाचे तीन आणि प्याद्याचा एक असे चार गुण पांढऱ्याच्या पारड्यात टाकून खूश होत असे. निकालकोश मात्र शून्य, म्हणजे बरोबरी, दाखवतो. म्हणजे बळाची तुलना आणि निकालाची तुलना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमचा आक्षेप त्यांपैकी पहिलीला धरून आहे. मराठीने हा फरक क्रियापदातून सांभाळला आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. ‘बरोबरी करणे’ हे बळाविषयी आहे, ‘बरोबरीत सुटणे’ हे निकालाविषयी. डाव ‘सुटतो’, म्हणजे गाठ पडलेली होती ती कोणाच्याही बाजूने न ओढता मोकळी झाली. वरच्या स्थितीत काळा राजा पांढऱ्याची बरोबरी करू शकत नाही आणि तरीही डाव बरोबरीत सुटतो. हे वाक्य मराठीत विसंगत वाटत नाही, उलट परिस्थिती अचूक सांगते.

मुळात ‘बराबर’ हा फारसी शब्द छातीला छाती भिडल्याचे चित्र घेऊन आला, कारण ‘बर’ म्हणजे छाती. त्याच शब्दातून आपण सोबत, अचूक आणि समान असे तीन अर्थ काढले. इतक्या दूरवर पसरलेल्या शब्दाला केवळ तुल्यबळतेत कोंडण्याचे कारण नाही.

आपल्या जुन्या देशी खेळात या जागेला स्वतंत्र शब्दही होता. एका बाजूची सगळी मोहरी मारली जाऊन राजा एकटा उरला, की ‘बुर्जी झाली’ असे म्हणत, आणि ती पुरी मात धरली जात नसे. एकट्या राजाची केविलवाणी अवस्था आणि त्याचा न झालेला पराभव हे दोन्ही त्या एका शब्दात मावत. आजच्या नियमांत बुर्जी नाही, म्हणून तो शब्द आजच्या डावाला लावणे चूक ठरेल, पण बळ विषम असूनही मात नाही ही कल्पना मराठी पटावर परकी नव्हती, एवढे त्यावरून दिसते.

प्रतिप्रश्न

आणखी एक शंका. निकालकोशात केवळ विजय, पराभव आणि बरोबरी एवढेच नसते, असे ऐकले आहे. पन्नास चालींच्या नियमामुळे जिंकणारी बाजूही जिंकत नाही, त्याला काय म्हणायचे?

उत्तर

या शंकेने चर्चा सर्वांत रंजक जागी आली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एका बाजूकडे दोन उंट आणि दुसरीकडे एक घोडा, अशी अखेर (मोजकी मोहरी उरलेला डावाचा शेवटचा टप्पा) घ्या. घोड्याच्या बाजूने बचावाची एक विशिष्ट मांडणी साधली की डाव बरोबरीत सुटतो, असे क्लिंग आणि होरविट्झ या बुद्धिबळ-अभ्यासकांनी १८५१ मध्ये सांगितले आणि पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे तेच मानले गेले. १९८३ मध्ये संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांनी संगणकावर या अखेरीची प्रत्येक स्थिती तपासली, तेव्हा दोन उंटांची बाजू सर्वसाधारणपणे जिंकते असे आढळले. मात्र घोडा हाती लागेपर्यंत सर्वांत अवघड स्थितीत ६६ चाली लागतात. नियम तर असा, की लागोपाठ ५० चालींत कोणीही प्यादे हलवले नाही आणि काही मारले गेले नाही, तर बरोबरी मागता येते. जागतिक बुद्धिबळ महासंघाने काही निवडक अखेरींसाठी ही मर्यादा काही काळ वाढवली होती, पण १९९२ पासून पुन्हा सरसकट ५० चालींचाच नियम आहे. म्हणजे एकाच प्रकारच्या अखेरीला आधी बरोबरी म्हटले गेले, मग विजय म्हटले गेले, आणि तिच्यातल्या सर्वांत लांब स्थिती नियमाने पुन्हा बरोबरीत जाऊन पडल्या.

सिझिजी निकालकोश म्हणूनच तीनऐवजी पाच निकाल नोंदवतो. त्यांतल्या दोन वाढीव निकालांच्या मूळ नावांत एकात शापाची कल्पना आहे आणि दुसऱ्यात कृपेची. नियम नसता तर जिंकलेली, पण नियमामुळे हातची निसटणारी स्थिती हा ‘शापित विजय’. तीच स्थिती हरणाऱ्याच्या बाजूने पाहिली, तर तिला ‘आशीर्वादित पराभव’ म्हणण्यापेक्षा ‘उःशापित पराभव’ म्हणावे, असे मी मनापासून सुचवतो. शापाच्या पाठोपाठ उःशाप येतो हे कथापुराणे ऐकलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, आणि इथे तर एकच नियम एका बाजूला शाप आणि दुसरीला उःशाप देतो. मूळ नावांत हा धागा इतका घट्ट विणलेला नाही. आपल्याकडे शब्दांची ही जोडी तयार मिळते आहे, ती का सोडावी?

पुरवणी (दुसऱ्या वाचकाकडून)

वरच्या चर्चेत क्रियापदांचा उल्लेख झाला, त्याला जोडून सांगतो. माणसांच्या सामन्यांच्या बातम्यांत आपण ‘बरोबरी मान्य केली’, ‘बरोबरीवर समाधान मानले’, ‘बरोबरीत रोखले’ असे सहज लिहितो. २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, तेव्हा हे प्रयोग शोभत होते, कारण तिथे प्रस्ताव देणारी, तो स्वीकारणारी आणि मनात हळहळणारी माणसे होती. दोन प्रणाली खेळतात तेव्हा हात पुढे करणारे कोणी नसते. दोघींचेही मूल्यमापन ठरावीक चालींपर्यंत शून्याच्या आसपास घुटमळले, किंवा पटावरची स्थिती निकालकोशात सापडली, की सामना चालवणारी यंत्रणाच डाव थांबवते. म्हणून तिथे ‘बरोबरी ठरली’ किंवा ‘डाव बरोबरी ठरवून थांबवला’ असे लिहावे. ‘बरोबरी साधली’ हा प्रयोग तर दोन्हीकडे जपून वापरावा, कारण त्यातून स्थिती समान केली, डाव बरोबरीत सोडवला आणि सामन्यातली पिछाडी भरून काढली, असे तीन अर्थ निघतात.

प्रणाली बरोबरीला नाखूश असू शकते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘एका अर्थी, होय’ असे आहे. स्टॉकफिशमध्ये काही वर्षे असा एक आकडा होता, की जो वाढवला म्हणजे ती समान स्थितीलाही आपल्या दृष्टीने किंचित वाईट मानून डाव चालू ठेवत असे. मूळ नाव शब्दशः उतरवले तर ‘तुच्छता’ असे होईल, पण त्यात प्रतिस्पर्ध्याचा अपमान येतो. त्या आकड्याचे काम पाहता ‘बरोबरीची नावड’ हे नाव मला जास्त खरे वाटते.

मूळ विचारणाकर्त्याकडून

सर्वांचा आभारी आहे. ‘८१ डाव अनिर्णित राहिले’ हे वाक्य मी आता असे लिहिले आहे : ‘शंभरपैकी ८१ डाव बरोबरीत सुटले, त्यांतल्या कित्येकांत मोहरी विषम होती, तरीही बरोबरी ठरली.’ आरंभीच्या स्थितीविषयी जे वाक्य पुढे येते, तिथे ‘अनिर्णीत’ तसाच ठेवला आहे, दीर्घ णी लिहून.