दिवाळीत घरात आग लागता लागता राहिली? अनुभव सांगा

गिरगावची_चिमणी:
आज माळ्यावरून मागच्या वर्षीची दिव्यांची माळ काढली, प्लग लावला आणि दोन मिनिटांत जळक्या प्लास्टिकचा वास. झटकन बटण बंद केलं, पण मन थेट गिरगावच्या चाळीत.

मी सातवीत. आई चकल्या तळत होती, खालून भाजीवाल्याने हाक मारली. "जरा लक्ष ठेव गं" म्हणून ती गॅलरीत गेली. मी लक्ष ठेवलं, टीव्हीवर. कढईतून आधी धूर, मग भक्कन जाळ, वरच्या फळीपर्यंत. मी तांब्याभर पाणी उचललं तर शेजारच्या काकू दारातूनच ओरडल्या, "टाकलंस तर बघ!" आत येऊन गॅस बंद केला, रिकामी परात ढालीसारखी पुढे धरून कढईवर सरकवली. अर्धा तास उचलू दिली नाही. फळीवरचा वर्तमानपत्राचा कागद काळा झाला, एवढ्यावर निभावलं.
तुमचं काही?

परळचा_पोपट:
आमच्याकडे कागदी कंदिलात 60 वॅटचा पिवळा बल्ब. बाबांचा हट्ट, "उजेड कसा पडला पाहिजे!" पडला. कंदील पेटला तेव्हा समोरच्या चाळीलाही दिसला.

तळणीतज्ज्ञ:
@चिमणी काकूंना साष्टांग. पण मला सांग, चकल्या विरघळत होत्या का? मोहन जास्त झालं की माझ्या दरवर्षी विरघळतात.

गिरगावची_चिमणी:
@तळणीतज्ज्ञ अगं कढई पेटली होती 😄

बंबवाला:
अग्निशमन दलात 26 वर्षं काढली, म्हणून लिहितो. पाणी तेलापेक्षा जड, तळाशी जातं. तिथे वाफ होऊन साधारण 1700 पट फुगतं आणि पेटतं तेल घेऊन वर उडतं. छत, पडदे, तोंड, काही सोडत नाही. काही जण पेटलेली कढई उचलून मोरीकडे धावतात, ते तर विचारूच नका. काकूंनी केलं ते बरोबर. आणि झाकण लगेच उचलून बघायचं नाही हेही बरोबर, तेल तापलेलंच असतं, हवा मिळाली की पुन्हा पेटतं.

ईस्टवाली_अंधेरी:
चौदावा मजला. कोणीतरी सोडलेलं रॉकेट थेट आमच्या बाल्कनीत. दोरीवर सासूबाईंच्या सुती साड्या, कोपऱ्यात रद्दी. नवरा बादली घेऊन उभाच होता कारण त्याला झाडांना पाणी घालायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर.
तेव्हापासून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाल्कनी रिकामी आणि काच बंद.

चाळकरी_नं_१७:
पणतीवरून साडीचा पदर. मोठी बहीण. फार लिहवत नाही. तेव्हापासून रांगोळीपाशी पणत्या लावताना सगळ्याजणी पदर खोचून.

गिरगावची_चिमणी:
@चाळकरी 🙏 बऱ्या आहेत ना आता?

चाळकरी_नं_१७:
हो हो. डाव्या हातावर डाग आहे. फराळ तीच पाठवते अजून.

लोहारचाळ_रिटर्न:
माळा लोहार चाळीतून घ्या नाहीतर चंद्रावरून, पण एका एक्स्टेंशन बोर्डावर तीन माळा, कंदील, मिक्सर आणि वर इस्त्री लावू नका. आमच्या इलेक्ट्रिशियनने एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) सारखा पडतो म्हणून मोठा बसवून दिला. वायर तीच जुनी. एमसीबी पडायचा बंद झाला आणि भिंतीतली वायर तापायला लागली. प्लगला हात लावला तर चटका.

परळचा_पोपट:
कंदील यंदा माहीमच्या कंदील गल्लीतून घेऊ का? दादरला भाव ऐकून चक्कर आली.

ईस्टवाली_अंधेरी:
माहीमच. संध्याकाळी सातनंतर जाऊ नकोस, पाय ठेवायला जागा नसते.

घाईत_आहे_बाई:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. अनारसे तळताना गॅसचा वास आला. शेजारचे दादा एक्झॉस्ट लावायला धावले, मी ओरडले. बटणाची ठिणगी पुरते. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, मग 1906 ला फोन. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचतो, ओट्याखालचं कपाटही उघडायचं

घाईत_आहे_बाई:
पाच शिट्ट्या झाल्या. वरणाचं पिठलं.

डॉकयार्डचा_नातू:
आमचे आजोबा 14 एप्रिल 1944 च्या गोदीतल्या स्फोटाचं सांगायचे. अग्निशमन दलाची 66 माणसं गेली त्यात. घरात कोणी काडी ओढली की आजोबा वळून बघायचे.

बंबवाला:
@नातू त्यांच्याच स्मरणार्थ 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो.
आता एक गाऱ्हाणं. दिवाळीत गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या. बंब नाक्यावर, आम्ही पाइप ओढत आत. जिन्यात चपलांची कपाटं, सायकली. आणि खिडकीच्या ग्रीलला कुलूप, किल्ली कुठे ते फक्त गावी गेलेल्या आजींना माहीत. 101 लावताना पत्ता नीट सांगा, "मंदिराच्या मागे" प्रत्येक गल्लीत असतं.

परळचा_पोपट:
आमच्या ग्रीलची किल्ली आत्ता शोधली. सापडली नाही. आईला फोन लावतोय.

गिरगावची_चिमणी:
मीही आईला हे सगळं वाचून दाखवलं. तिला आग फारशी आठवत नाही. म्हणाली, "चांगलं दीड किलो तेल होतं त्यात, सगळं फेकावं लागलं." भाजीवाल्याकडून काय घेतलं होतं तेही आठवतंय. मेथी.

तळणीतज्ज्ञ:
आई आहेत का जवळ? मोहनाचं प्रमाण विचार ना.